सासऱ्यांच्या खोलीतला गुडगुडणारा पाइप

त्यांना सगळे वायसर म्हणत. कुठलाही नळ गळत असला तरी पान्याला हात घालण्याआधी ते म्हणायचे, "आधी वायसर बघू." निम्म्या तक्रारी ती रबरी चकती बदलली की मिटायच्या, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा रागावली की याच नावाने हाक मारायची.

नळाचं काम ते सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. तेव्हा ते सासरे नव्हते, मिस्त्री होते. वायसर पाइप धरायचे, मिस्त्री आटे पाडायचे. पुढे मिस्त्रींनी थोरली मुलगी दिली, म्हणजे पोराचं काम पसंत असणारच. पण तोंडाने कधी बोलले नाहीत. चुकलं की शंभर जणांसमोर सालटी काढायचे आणि बरोबर असलं की नुसते पुढच्या कामाला लागायचे. वायसरांची पन्नाशी उलटली, स्वतःचं दुकान झालं, तरी मिस्त्रींच्या तोंडून एकदा 'छान केलंस' ऐकायचं राहूनच गेलं होतं.

धाकटा जावई मात्र घरात आला तोच 'अहो जावईबापू' होऊन. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान. गोरा, हसरा, हात नेहमी ओले. वायसरांना अजून 'अरे ए, इकडे ये', आणि याला 'या, बसा'! वायसर बायकोला म्हणायचे, "मासे विकतो. त्यात काय एवढं?"

"तुम्ही वायसर विकता," ती म्हणायची.

मिस्त्री पडले, कंबरेचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळले, तेव्हा या साडूने त्यांच्या पायथ्याशी खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आणून ठेवली. म्हाताऱ्याला बघायला काहीतरी हवं म्हणून. नारिंगी मासे, दगडाआडून मिश्या हलवणारी एक कोळंबी. खालच्या कपाटात दुसरी टाकी, तिच्यात पाणी गाळून पंप ते परत वर चढवणार. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक अरुंद कप्पा होता. जादा पाणी कडेवरून त्यात सांडायचं आणि तिथून पाइपाने खाली यायचं.

पाइपाचं काम वायसरांनी मागून घेतलं. "घरात नळवाला असताना माशांवाल्याने पाइप जोडायचे? लोक काय म्हणतील?"

साडू म्हणाला, "दादा, यात थोडं वेगळं असतं, मी सांगतो..."

"तुम्ही माशांचं बघा हो."

मिस्त्रींनी त्यांना पहिल्या वर्षीच शिकवलं होतं की सांडपाण्याच्या पाइपाला वरून हवा द्यायची, म्हणजे पाणी अडत नाही. वायसरांनी एकच जाडजूड पाइप घातला आणि त्याच्या टोपीला नेटकं भोक पाडलं. पाणी अडलं नाही. पण पंप सुरू केल्याबरोबर पाइप बोलायला लागला. गुड, गुडगुड, मग एक मोठा घोट, मग पुन्हा गुडगुड. पाणी आणि हवा एकाच पाइपातून भांडत खाली उतरत होती. वायसरांनी भोक मोठं केलं, मग लहान केलं, मग स्पंज बांधला. आवाजाची फक्त जात बदलत गेली.

"अरे, ही टाकी माशांसाठी आणली की म्हशीसाठी?" मिस्त्री म्हणाले. त्यांची झोप उडाली. गोळी घेऊनही डोळा लागेना.

शेवटी रविवारी साडू आला. जाडा पाइप काढून दोन बारीक पाइप घातले. एकाला प्लास्टिकचा चाकाचा व्हॉल्व्ह. वायसरांनी पिशवीतून पितळी व्हॉल्व्ह पुढे केला तर म्हणाला, "नको दादा, खाऱ्या पाण्यात पितळेने कोळंबी मरते." सासूबाई ऐकत होत्या. वायसरांनी व्हॉल्व्ह पिशवीत टाकला तो जरा आपटूनच.

"यात हवा शिरूच द्यायची नाही," साडू सांगत होता. "हा पाइप पाण्याने गच्च भरून चालला पाहिजे. व्हॉल्व्ह इतका आवळायचा की कप्प्यातलं पाणी पाइपाच्या तोंडाच्या वर उभं राहील. उरलेली बारीक धार दुसऱ्या उंच पाइपातून जाईल. हा तुंबला तर सगळं पाणी तोच नेईल."

थोड्या वेळाने खोलीत पंपाची नुसती घरघर उरली. मिस्त्रींनी मान वळवून कान दिला, आणि म्हणाले, "वा जावईबापू! याला म्हणतात काम. छान केलंत."

वायसरांनी सारी उमर ज्या शब्दांची वाट बघितली, ते असे दुसऱ्याच्या ताटात पडले. घरी जाताना वाटेत बायको म्हणाली, "कित्ती शांत झालं ना?" त्यावर ते एवढंच म्हणाले, "हो ना, ऐकलं मी."

त्यानंतर त्यांना जेवण जाईना. मंगळवारी दुपारी ते सासऱ्यांकडे गेले. मिस्त्री झोपले होते, सासूबाई आत स्वयंपाकघरात. वायसर कपाटापुढे बसले. एकदा, फक्त एकदा, हा पाइप साडूच्या हातचाही बोलू दे. त्यांनी व्हॉल्व्हचं चाक उलटं फिरवलं.

कप्प्यातलं पाणी झरझर उतरलं आणि पाइपाच्या तोंडाने हवा ओढली. घरभर घुमेल असा आवाज झाला. मिस्त्री दचकून जागे झाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते छताकडे बघत बारीक आवाजात म्हणाले, "गेलं का पुन्हा? दोन दिवस झोपलो होतो रे."

सासूबाई धावत आल्या. "अगंबाई! थांबा, जावईबापूंना फोन करते." आणि फोन करायला आत गेल्या.

वायसरांना स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी चाक होतं तसं आवळायला घेतलं, पण होतं तसं म्हणजे किती? आजवर व्हॉल्व्ह म्हणजे उघडा नाहीतर बंद. इथे जास्त आवळला की पाणी चढून उंच पाइपात धो धो पडे, कमी आवळला की हवा. आणि पाणी लगेच सांगत नसे. केसभर फिरवायचं आणि वाट बघायची. गुडघे दुखून आले, मीठ सुकून बोटं चरचरायला लागली. ते कान देऊन बसले, जसे लहानपणी मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत बसायचे. हळूहळू गुडगुड विरळ झाली, एक शेवटचा बुडबुडा निघाला, आणि मग काहीच नाही. दुसऱ्या पाइपातली बारीक धारसुद्धा भिंतीवरून ओघळल्यासारखी मुकी. मिस्त्री घोरायला लागले.

साडू धापा टाकत आला. वाकून कप्पा बघितला, चाकाला बोट लावलं, आणि वळून म्हणाला, "दादा, हे कुणी लावलं? माझ्यापेक्षा बारीक लागलंय हो. तुम्ही?"

हो म्हटलं तर बिघडवलं कुणी, हा प्रश्न लगेच मागे उभा. "मी कशाला हात लावू?" वायसर म्हणाले. "तुमचं काम, तुम्हालाच माहीत."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंनी जिना चढायचा अवकाश, पाइप गप्प. हाताला गुण असावा लागतो."

"अहो आई, मी अजून काही केलंच नाही," साडू म्हणत होता, पण त्या पाणी आणायला वळल्या होत्या. मिस्त्रींनी डोळे न उघडताच विचारलं, "जावईबापू आले ना? वाटलंच."

वायसरांनी हात पुसले, पिशवी उचलली आणि बाहेर पडले. घरी पोचले तोवर बायकोला आईचा फोन येऊन गेला होता.

"तुमच्या साडूभाऊंनी लगेच ठीक केलं म्हणे?"

"हो," वायसर म्हणाले. "त्यांनीच."