टोकनबाईची ड्युटी

पडदेवाल्याच्या आईचं 'तू' दिवस कलला की 'तुम्ही' होतं. सकाळी ती त्याला म्हणते, "अरे, डोकं नीट पूस, सर्दी होईल." आणि खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीवर चढलं, की त्याच लेकाकडे परका माणूस दारात आल्यासारखी बघते. "तुम्ही कोण? बाजूला व्हा बघू. मला ड्युटीला उशीर होतोय."

ड्युटी म्हणजे व्हिडिओ गेमचं पार्लर. ऐन उमेदीची वर्षं तिने तिथे जाळीच्या खिडकीमागे बसून टोकनं विकली. नोट आत, टोकनं बाहेर. स्वतः एकदाही खेळली नाही, पण कुठल्या मशीनमध्ये टोकन पडलं ते मान वर न करता आवाजावरून सांगायची. सगळे तिला टोकनबाईच म्हणत. ते पार्लर कधीच बंद पडलं, तिथे आता दातांचा दवाखाना आहे. हे तिला सकाळी पटतं. संध्याकाळी पटत नाही. संध्याकाळी ती पर्स काखोटीला मारते आणि निघते.

मागच्या वेळी ती सापडली ती मोठ्या रस्त्याच्या मधोमध, एका पायात चप्पल, एक पाय उघडा, दोन्ही बाजूंनी ट्रक. पोलिसांनी घरी आणून सोडली. त्यानंतर ताईने, म्हणजे पडदेवाल्याच्या मोठ्या बहिणीने, फोनवर एकदाच सांगितलं, "बघ, मी जागा बघून ठेवलीय. चांगली आहे, नर्स असते. रविवारी गाडी घेऊन येते. तू तिचं सामान बांध."

"ताई, मी कुलूप लावतो ना आता."

"कुलूप लावतोस, आणि ती काय करते?"

 ती काय करायची ते त्याने ताईला सांगितलंच नव्हतं. कुलूप लावलं की ती आधी हाताने दार वाजवायची, मग मुठीने, मग कोपराने. "उघडा हो! मालक बोलतील मला!" हाताची सालटी निघेपर्यंत. दाराच्या आतल्या बाजूला त्याने एक जुना जाड पडदा ठोकला होता, तिला लागू नये म्हणून. त्या पडद्यावर डाग पडले होते.

आयुष्यभर त्याने लोकांच्या घरांना पडदे लावले. भिंतीला भोक पाडावं, दांडा बसवावा, कापड सोडावं, गिऱ्हाइकाने "जरा डावीकडे वर आहे हो" म्हणावं. लग्न जमलं नाही, कारण सगळ्या स्थळांना घर बघायचं असायचं आणि घरात आई असायची. त्याची तक्रारही नव्हती. दोघांचं बरं चाललं होतं. आता आई गेली तर त्या दोन खोल्यांत तो कुणासाठी दिवा लावणार होता?

भंगारवाल्याच्या गोदामात तो पडद्याचे दांडे बघायला गेला होता. तिथे पत्र्यांच्या मागे व्हिडिओ गेमचा एक डबा उभा दिसला. माणसाएवढा उंच, लाकडी, कडेचे रंग उडालेले, पुढे दांडी आणि बटणं. खालचं लाकूड ओल लागून पावासारखं फुगलं होतं. पडदेवाल्याच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. आईला ड्युटीला जायचंय ना? मग ड्युटीच घरी आणायची.

"चालतो का?" त्याने विचारलं.

"चालत असता तर तो भंगारात कशाला आला असता, शेठ?" भंगारवाला म्हणाला. "आतली तांब्याची तार काढणार होतो. तुम्हाला हवाय तर न्या. पण नंतर परत आणू नका, मी घेणार नाही."

जिन्यातून डबा वर आणताना हमालांनी पडदेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डबा आतल्या खोलीत बसला, तशी खाटेला जागा उरली नाही. खाट उभी करून भिंतीला टेकवली.

मागची फळी काढली तर आत उंदरांचा संसार. कागदाच्या चिंध्या, कापूस, लेंड्या, आणि एक वाळून चामडं झालेला उंदीर. स्पीकरची तार कुरतडलेली. पडदेवाल्याने नाकाला फडकं बांधून सगळं उपसलं, कुरतडलेली तार सोलून जोडली, जळका फ्यूज काढून नवा टाकला. विजेचं त्याला फक्त एवढंच कळायचं, की भिंतीत भोक पाडताना तिच्यापासून लांब राहायचं. पण फ्यूज टाकून बटण दाबलं आणि काचेवर एक पांढरी रेघ उमटली. आडवी, अगदी सरळ. एवढ्यावरच तो हरखला. आवाज मात्र काही नव्हता.

गल्लीच्या टोकाला टीव्हीवाला बसायचा. तो आला, मागून डोकावला आणि हसला.

"लोकांना पडदे लावतोस, आणि तुझाच पडदा उतरलाय होय?"

"दुरुस्त होईल का ते सांगा."

"होईल. चित्राच्या नळीमागे सर्किटची पट्टी आहे, तिच्यावर कुठेतरी सांधा सुटलाय, कथिलाचा डाग मारावा लागेल. आणि त्या स्पीकरच्या तारा उलट्यासुलट्या जोडल्यास, त्या नीट कर. पण मी ही कामं सोडली बाबा. आता मी भिंतीवर चपटे टीव्ही टांगतो. आणि तूही हात घालू नकोस. या काचेच्या नळीत बंद केल्यावरही करंट दबा धरून बसतो."

"रविवारपर्यंत व्हायलाच पाहिजे."

"का? रविवारी काय मुख्यमंत्री खेळायला येणार आहेत?"

पडदेवाल्याने फक्त हात जोडले. टीव्हीवाल्याने मग डाग मारायचं यंत्र वापरायला दिलं आणि करंट कसा काढायचा तेही समजावलं. दिलं त्याने चांगल्या मनानेच.

शनिवारी दुपारी पडदेवाल्याने दुकान बंद ठेवलं. करंट काढला, सांगितला होता तसाच. स्पीकरच्या तारा नीट केल्या. मग तो नळीमागची पट्टी बाहेर ओढायला लागला. पट्टी हलेना. दांडा भिंतीत अडकला की तो जसा थोडा डावी-उजवी हलवून हिसका देतो, तसाच त्याने हिसका दिला. पट्टी आली. पण तिच्याबरोबर त्या काचेच्या नळीची बारीक मान टचकन मोडली आणि आतून आवाज आला. स्सस्स. कुणीतरी दमून श्वास सोडावा तसा.

त्याने टीव्हीवाल्याला फोन लावला.

"स्सस्स असा आवाज आला?"

"आला."

"मग गेली ती. आत हवा शिरली. आता ती भंगारात टाक नाहीतर पूजेला मांड, चित्र काही दिसायचं नाही."

"दुसरी मिळेल?"

"अरे, कोण बनवतंय आता? चित्राकडे जाणारी तार तेवढी उपटून ठेव, नाहीतर काहीतरी पेटेल."

पडदेवाल्याने तार उपटली आणि तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला. ऊन समोरच्या इमारतीवर चढलं. बाहेरच्या खोलीत मुठी सुरू झाल्या. "उघडा हो! उशीर झालाय!" त्याला उठावंसं वाटेना. उद्या ताई येणार. सामान बांधलं नव्हतं, बांधावं लागणार होतं. साड्या कुठल्या द्यायच्या, याचा तो विचार करायला लागला. "गप बस गं आई," तो ओरडला. "गप बस एकदाची!" आयुष्यात तो तिच्यावर असा ओरडला नव्हता.

मग उगाच, काहीच उरलं नाही म्हणून, त्याने डब्याचं बटण दाबलं आणि टोकन पडतं तिथली पट्टी बोटाने खाली ढकलली.

टुंग.

आणि त्यामागून डब्याच्या पोटातून ते नाचरं, बेसूर संगीत सुरू झालं. काच काळीठिक्कर, पण आत खेळ चालू.

बाहेरच्या मुठी थांबल्या. आई दारात आली. पर्स काखेत, हाताला रक्त.

"आवाज कमी करा," ती म्हणाली. "मालक वर झोपलेत. आणि त्याचं चित्र गेलंय का?"

"हो."

"मग पाटी लावा, बंद आहे म्हणून. नाहीतर गिऱ्हाईक टोकन टाकतं आणि माझ्याशी भांडतं. तुम्ही नवीन मेकॅनिक वाटतं?"

"हो बाई," पडदेवाला म्हणाला. "आजच लागलो."

त्याने खुर्ची दिली, पुढ्यात स्टूल ठेवलं, स्टुलावर पडद्याच्या पितळी कड्यांची बरणी ओतली. तिने कड्या मोजायला घेतल्या. तो मध्येच पट्टी ढकलायचा, टुंग व्हायचं, आणि ती मान न उचलता म्हणायची, "मघाचंच पोरगं. सगळा पगार उडवतंय इथे." जेवायची वेळ होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग बसल्या जागीच डुलक्या घ्यायला लागली. त्याने तिला उचलून निजवलं.

रविवारी संध्याकाळी ताई आली तेव्हा आई कड्या मोजत होती. ताईने डब्याकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या खाटेकडे पाहिलं.

"हे काय खूळ?"

"हळू बोल. ड्युटीवर आहे ती."

ताई बसली. बसून बघत राहिली. आईने तिला विचारलं, "किती देऊ?" ताईने गोंधळून पर्समधून नोट काढली, आईने कड्या मोजून दिल्या. ताई त्या मुठीत घेऊन बसली. खाली गाडी उभी होती, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तरी ती उठली नाही. पडदेवाल्याला वाटलं, जमलं. देवा, जमलं.

आणि आईने कड्या बरणीत भरल्या, झाकण लावलं, पर्स उचलली आणि ती दाराकडे निघाली.

"कुठे निघालात बाई?" पडदेवाला तिच्या मागे धावला.

"घरी! ड्युटी संपली. आज काय इथेच झोपू?"

"घर... घर हेच आहे ना."

"काय मेकॅनिक, थट्टा करता? लहान पोरगं कोंडून आलेय मी घरात. थोरली मावशीकडे असते, धाकट्याला बघायला कुणी नाही. अंधार झाला की रडतं ते. सोडा मला!" तिने दार धरलं आणि मूठ उगारली.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "बघ," ती फक्त एवढंच म्हणाली आणि मोबाइल काढला.

पडदेवाल्याने कुलूप काढलं. "चला बाई," तो म्हणाला. "त्याच वाटेने जायचंय मला. सोडतो."

तो तिला जिना उतरवून खाली घेऊन गेला. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं, त्याने मानेनेच नको म्हटलं. इमारतीला वळसा, औषधाच्या दुकानावरून, पाण्याच्या टाकीच्या मागून. वाटेत ती भराभर चालत होती आणि पोराचं सांगत होती. खिडकीच्या गजांना धरून उभं राहतं, हाक मारली की लपतं. त्याला यातलं काही आठवत नव्हतं. त्याच जिन्याने तो तिला वर घेऊन आला. दारात ती थबकली. मग आत शिरली.

"बाळ्या? आले रे मी."

बाळ्या तिच्या मागेच उभा होता. ती कपाटामागे बघायला लागली, मोरीत बघितलं, पडद्यामागे बघितलं. "बाळ्या!" आवाज चढत चालला.

"ओरडू नकोस," आतल्या खोलीतून ताई म्हणाली. "झोपलाय तो. आत्ताच निजवला."

आईने छातीवर हात ठेवला. मग वळून, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "तुम्ही जा आता मेकॅनिक. उपकार झाले. घरी वाट बघत असतील तुमची."

तो बाहेर आला. आतून कडी लागली. पडदेवाला स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसला. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. गाडी निघून गेल्याचा आवाज आला, की दुसरीच कुठली गाडी होती, त्याला कळलं नाही.

बऱ्याच वेळाने दार फटीएवढं उघडलं.

"झोपली," ताई म्हणाली. "तिकडे फोन केला मी. म्हटलं, आज नको."

"आज नको, की नकोच?"

"आज नको म्हटलं ना. रोज फिरवशील तिला असं?"

"फिरवीन."

"आणि आतून 'झोपलाय तो' म्हणून कोण सांगणार?"

पडदेवाला पायरीवरून उठला. ताईने दार आणखी थोडं उघडलं आणि त्याला आत यायला जागा केली.