सात मुलं स्थलांतरित

"चप्पल काढ आणि काट्यावर उभी राहा," मॅडम म्हणाल्या.

काटा गरोदर बायांचा. प्रकल्प कार्यालयाच्या हॉलमध्ये, प्रकल्प अधिकारी मॅडमच्या टेबलाला लागून ठेवलेला. समोर सतरंजीवर पन्नासेक अंगणवाडी सेविका. मी पंचेचाळीस वर्षांची, सून आणायच्या वयाची बाई. मला वाटलं, काटा बरोबर चालतो का ते बघतायत. उभी राहिले.

"किती आलं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मोठ्यानं."

"अठ्ठ्याहत्तर किलो, मॅडम."

मॅडम हॉलकडे वळल्या. "ऐकलंत? सेविका अठ्ठ्याहत्तर. आणि हिच्या अंगणवाडीतली दोन वर्षांची मुलगी साडेसहा किलोची. मुलांचा खाऊ कुठं जातो, कळलं ना आता?"

हॉल हसला. माझ्या शेजारी बसणारी, माझ्या डब्यातली भाजी खाणारी, तीही हसली. मग मॅडम जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्हा लोकांना फुकटचं खायची सवयच." तुम्हा लोकांना म्हणजे कुठल्या लोकांना, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. माझं आडनाव हजेरीपटावर होतं.

मला थायरॉइड आहे. गोळी चालू आहे. हे मला त्या काट्यावर उभं राहून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पायांखालचा आकडा लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडेच बघत राहिले.

हे सगळं कशासाठी, तर विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. कुणा आमदारानं प्रश्न विचारला होता. मॅडमनी तो वाचून दाखवला. औद्योगिक वसाहतीलगतच्या मजूर वस्त्यांमध्ये तीव्र कुपोषित बालके आढळून आली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?

लोकांना वाटतं, मंत्री उत्तर देतात. मलाही वाटायचं. उत्तर मंत्री फक्त वाचतात. प्रश्न मुंबईहून निघतो, जिल्ह्याला येतो, जिल्ह्यावरून तालुक्याला, आणि तिथून घरंगळत आमच्या मांडीवर येऊन पडतो. उत्तर तिथून परत वर चढतं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ते जरा पुसतं, जरा चकाकवतं. वर पोचेपर्यंत ते इतकं स्वच्छ झालेलं असतं की त्यात पोरंच शिल्लक राहत नाहीत.

माझ्या अंगणवाडीत सात पोरं तीव्र कमी वजनाची होती. महाळुंग्याच्या बाजूला कंपन्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथली. आई-बाप बांधकामावर, नाहीतर ठेकेदाराकडं. मी वजनं घेतली होती, दर महिन्याला मोबाइलमध्ये भरली होती. खरी भरली होती. तोच माझा गुन्हा. बाकीच्या बऱ्याच जणी अर्धा-एक किलो आपल्या पदरचा घालून भरायच्या. मुलांना स्वेटर घालून, चपलांसकट काट्यात बसवायच्या.

"संध्याकाळच्या आत उत्तर वर गेलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "आता मुलं तर एका दिवसात जाड होणार नाहीत. मग काय करायचं?" स्वतःच उत्तर दिलं. "मजुरांची मुलं आहेत. मजूर काय, आज इथं, उद्या तिथं. ॲपमध्ये पर्याय दिलेला आहे. स्थलांतरित. मोबाइल काढ."

मी मोबाइल काढला.

"नाव वाच."

"आरोही."

"दाब."

दाबलं. नाव यादीतून गेलं.

"पुढचं वाच. दाब."

सात वेळा. पन्नास बायांसमोर सात पोरांची नावं मी मोठ्यानं वाचली आणि माझ्याच बोटानं घालवली. मग कागद पुढं आला. टाइप केलेला, तयार. माझ्या केंद्रात आजरोजी एकही तीव्र कुपोषित बालक नाही. खाली टिंबं. टिंबांवर सही.

मी सही केली. ही गोष्ट मला लपवायची नाही. कुणी माझा हात धरून ती करून घेतली नव्हती. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून तो घरीच आहे. मुलगा तळवड्याला ठेक्यावर, त्याचं काम दर सहा महिन्यांनी तुटतं. मला नोकरीची भीती होती. आणि खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा त्या काट्याची भीती जास्त होती. मॅडम परत उभं करतील, परत सगळ्या हसतील. भरल्या हॉलमध्ये बाईचं शरीर मोजलं की ती काहीही लिहून देते. मॅडमना हे माहीत होतं. म्हणूनच काटा टेबलाला लागून ठेवला होता.

चार दिवसांनी आमच्या सेविकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. वर मॅडमचा मेसेज, फुलं आणि हात जोडलेले. सर्वांच्या सहकार्यामुळे उत्तर वेळेत गेले, सर्वांचे अभिनंदन.

दुपारची वेळ. पोरं खिचडी खात होती. आमच्या मदतनीस ताराबाई इथल्याच जुन्या घरातल्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. त्या ताटं वाढत होत्या. मी व्हिडिओ लावला.

आमच्या खात्याचे मंत्री उभे राहिले. कडक इस्त्री, हातात कागद. "अध्यक्ष महोदय, हे खरे नाही. सदर बालके स्थलांतरित झाली आहेत. त्यामुळे पुढील प्रश्न उद्भवत नाही."

विरोधी बाकावरून कुणीतरी ओरडलं, "कुठं गेली स्थलांतरित होऊन?"

मंत्री हसले. "मजुरांची मुलं आहेत, त्यांना पाय आहेत. मी काय त्यांच्या मागं पळू?"

सभागृह हसलं. आपल्या मालकीचं असल्यासारखं, मोकळं, भरपेट हसणं. मला हॉलमधलं हसणं आठवलं. तिथं बाया निदान घाबरून हसल्या होत्या. हे घाबरलेले नव्हते.

आरोही, तीच साडेसहा किलोची, माझ्यासमोर बसली होती. तिला पाय होते. काडीसारखे, आणि ती त्यांच्यावर नीट उभीही राहत नव्हती. तीन घास खाल्ले आणि ताट पुढं सारलं.

ताराबाईंनी मोबाइलमध्ये डोकावून बघितलं. "ही म्हनं गेली?" त्या म्हणाल्या. "आगं पर ही तर हितं हाय. मी आत्ता हिचं त्वांड धुतलं." मग माझ्याकडं बघितलं आणि आरोहीचं ताट परत तिच्यापुढं सरकवलं. सही कुणाची आहे, ते त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आरोहीची आई आली, संगीता. जिंतूरकडची, बांधकामावर विटा वाहणारी. हॉलमधल्या त्या मीटिंगच्या आधीच मी तिला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. तिथं अशा मुलांना चौदा दिवस ठेवून घेतात, दर दोन तासांनी खायला देतात. त्या सकाळी ठेकेदारानं सोडलं तेव्हा ती पोरीला घेऊन गेली होती. दिवसाची हजेरी बुडवून.

"ताई, त्यांनी परत लावलं," ती म्हणाली. "कंपूटरमधी बघितलं अन् म्हणले, ही पोरगी गावाकडं गेली. म्या म्हणलं, साहेब, ही काय माझ्या कडंवर हाय. तर म्हणले, नाव न्हाई तर खाट न्हाई." मग तिनं मला विचारलं, रागानं नाही, खरंच कळेना म्हणून, "ताई, आमी कुठं गेलोत ओ?"

मी काय म्हणाले असेन? "मशीनची चूक असेल. बघते."

मशीनची चूक. मॅडमनी माझ्याशी जे केलं, तेच मी तिच्याशी केलं. फक्त माझा आवाज गोड होता. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली. अजून येते.

रविवारी विहारात गेले. लहानपणापासून जातेय. वडील पिंपरीत एका कंपनीत होते, कंपनी बंद पडली तरी त्यांची रविवारची वंदना चुकली नाही. आम्ही सगळे हात जोडून पंचशील म्हणत होतो. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. माझे ओठ हललेच नाहीत. शेजारच्या बाईनं वळून बघितलं. मी पाचवंही म्हटलं नाही. डोळ्यांपुढं मंत्र्यांच्या हातातला तो कागद. त्या कागदाच्या तळाला, सगळ्यात खाली, माझी सही. त्यांचं खोटं माझ्या खांद्यावर उभं होतं. मी खांदा काढला तर?

घरी येऊन वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. माझ्या केंद्रात एकही तीव्र कुपोषित बालक नाही, असा दाखला मी दिला होता. तो खोटा आहे. सात बालके येथेच आहेत. त्यांना स्थलांतरित दाखवण्यास मला सभेत सांगण्यात आले. मी भीतीने तसे केले. माझा दाखला रद्द समजावा आणि सातही नावे परत घ्यावीत. नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं गुडघा चोळत ऐकलं. मग म्हणाला, "दोन प्रती काढ. एकीवर पोच घे."

सोमवारी मी संगीताच्या खोलीवर गेले. तिला सगळं सांगितलं. चूक मशीनची नव्हती, माझी होती, हेही सांगितलं. मला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पोरीला उचललं आणि म्हणाली, "चला."

आवक-जावकच्या टेबलावरच्या बाबूंनी पत्र वाचलं आणि विस्तव हाताला लागावा तसं परत माझ्याकडं सरकवलं. "हे मी घेऊ शकत नाही. मॅडमना विचारा."

मॅडम बाहेर आल्याच. उभ्या उभ्या वाचलं. चेहरा लाल.

"डोकं फिरलंय का तुझं? सभागृहात उत्तर गेलंय. तू मंत्र्यांचं उत्तर बदलणार?"

"मंत्र्यांचं नाही. माझं बदलतेय."

"तुला कळतंय का, खोटा दाखला दिला म्हणून तुझ्यावरच कारवाई होईल?"

"होऊ द्या. मी दिलाच आहे. आणि मॅडम, मला अहो-जाहो करा. मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे."

हे मी ठरवून आले नव्हते. तोंडातून निघालं. मॅडमनी असं बघितलं, जसं काही टेबलच बोललं. वीस वर्षांत मी कुणा अधिकाऱ्याला असं बोलले नव्हते.

"पत्र घेतलं जाणार नाही. निघा," त्या म्हणाल्या. पण निघा म्हणाल्या, नीघ नाही.

मी बाकावर बसले. संगीताला शेजारी बसवलं. आरोही तिच्या मांडीवर. "पोच मिळेपर्यंत आम्ही इथंच आहोत," मी म्हणाले. "ही पोरगी तुमच्या कागदावर गेलेली आहे. दिवसभर लोक येतील, विचारतील, ही कोण. मी सांगेन."

लोक आले. दाखल्यासाठी, सह्यांसाठी, कुणी कसली बिलं घेऊन. बघायचे, थांबायचे. मी सांगायचे. एकाला, दोघांना, मग घोळक्याला. एका म्हाताऱ्यानं आरोहीचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं आणि बाबूंना विचारलं, "आवं, शिक्का मारायला काय जातंय तुमचं?" एका पोरानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. तेव्हा आतून निरोप आला. बाबूंनी शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. माझ्याकडं न बघता कागद दिला.

तो शिक्क्याचा कागद घेऊन आम्ही थेट दवाखान्यात. तरुण डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, पोरीला बघितलं, म्हणाल्या, "यादीचं नंतर बघू." खाट दिली.

चौदा दिवसांनी आरोही बाहेर आली. बरी झाली, असं मी म्हणणार नाही. जिवंत आहे, चालते. त्याच पत्र्याच्या खोलीत, त्याच धुरात परत गेली. यादीत नाव फक्त तिचं आलं, कारण दवाखान्यानं तिला दाखल करून घेतल्यावर ते लपवता येईना. बाकीची सहा अजून स्थलांतरित आहेत. रोज दहाला येतात, खिचडी खातात. मंत्र्यांचं उत्तर छापून झालं. त्यात दुरुस्ती नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. खोटी माहिती देऊन शासनाची दिशाभूल केल्याबद्दल सेवेतून कमी का करू नये? म्हणजे दिशाभूल मी केली. शासन बिचारं भोळं. ग्रुपमधून मला काढून टाकलंय. हॉलमध्ये माझ्याशेजारी बसणारी ती, तिनं फोन करून सांगितलं, "अगं, माफीचा अर्ज लिही. मॅडम सोडून देतील. मी बोलून ठेवलंय."

मॅडम सोडून देतील, हे मलाही माहीत आहे. माफीच्या अर्जात काय लिहावं लागेल, तेही माहीत आहे. मनःस्थिती ठीक नव्हती. पत्र चुकून दिलं. मुलं गेलेली आहेत.

आज सकाळी मी आणि ताराबाईंनी सहाही पोरांची वजनं घेतली. स्वेटर काढून, चपला काढून. नोटिशीच्या उत्तरात माफी नाही. सहा नावं आहेत, सहा वजनं, आई-बापांची नावं आणि खोल्यांचे नंबर. खाली लिहिलंय, ही मुले येथे आहेत, कोणीही येऊन बघावे. एक प्रत मॅडमना, एक जिल्ह्याला, एक प्रश्न विचारणाऱ्या आमदाराला, आणि एक मंत्र्यांना, नावानिशी. ताराबाई म्हणाल्या, "माजा बी अंगठा घ्या." मी म्हणाले, तुम्हाला सही येते. मग त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. पुढच्या अधिवेशनात हाच प्रश्न परत लागेल, हे मी बघणार आहे. त्या वेळी मंत्र्यांना हे खरे नाही म्हणायचं असेल, तर त्यांनी दुसरी बाई शोधावी. मी सही देणार नाही.