धाकटीची अकरा पानं

राजकारणात इतकी मुरलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही. कोणता सरदार कोणाला फितूर आहे, कोणत्या राजकन्येचं लग्न कोणी मोडलं, खजिन्याच्या किल्ल्या सध्या कोणाच्या कमरेला आहेत, हे सगळं माझ्या मावससासूला झोपेतून उठवून विचारा, चष्मा न लावता सांगेल. अडचण एवढीच, की हे राज्य जगाच्या नकाशावर कुठेही नाही. ते आहे सात जाडजूड इंग्रजी खंडांत, आणि ते खंड आहेत मुलुंड पूर्वेला, मावशींच्या दोन खोल्यांच्या घरात, देवघराशेजारच्या फळीवर.

ते तिथे गेले आमच्याच कर्माने. मुलगी बारावीला असताना रसायनशास्त्राच्या पुस्तकाआड जादूगार आणि ड्रॅगन वाचताना पकडली गेली. तेव्हा आम्ही सातही खंड उचलून मावशींकडे नजरकैदेत ठेवले. मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि करड्या शिस्तीच्या. याहून चांगला तुरुंगाधिकारी कुठे मिळणार? परीक्षा संपली, मुलगी धावत पुस्तकं आणायला गेली आणि हात हलवत परत आली. "आजी म्हणते, तिचा चौथा खंड चालू आहे. सातवा संपेपर्यंत फिरकायचं नाही, आणि फिरकलीसच तर पुढे काय होतं ते बोलायचं नाही." आज मुलगी नोकरीला लागली, तिचा पगार सुरू झाला, पण खंडांची सुटका काही झालेली नाही.

मावशी त्या गोष्टीतलं एकही नाव उच्चारत नाहीत. "ती नावं घेतली की माझी कवळी सुटते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सगळ्या राजघराण्याला त्यांनी घरचे हुद्दे दिलेले आहेत. थोरली राणी, धाकटी, मेला सेनापती, म्हातारा नावाडी. आग ओकणाऱ्या त्या अवाढव्य प्राण्याला तर त्या नुसतं 'पांढऱ्या' म्हणतात, कोकणातल्या गोठ्यात बैलाला हाक मारावी तसं. आम्हाला आता याची सवय आहे. शेजारच्या काकूंना नव्हती. एके सकाळी जिन्यात मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "थोरला गेला हो! सख्ख्या काकाने घात केला." काकूंनी पुढचं काही विचारलं नाही. मावशींचा थोरला भाचा, म्हणजे माझा मेव्हणा, त्यांनी अनेकदा पाहिलेला होता. दुपारी बारा वाजता काकू रीतीप्रमाणे पिठलंभाताचा डबा घेऊन समाचाराला हजर झाल्या. त्या "कसं झालं हो अचानक?" असं विचारताहेत तोच दार ढकलून मेव्हणा आत आला. काकूंचा आवाज बसला तो दोन दिवस उठला नाही. मेव्हण्याने मात्र परिस्थिती समजून घेतली आणि स्वतःचं पिठलं स्वतः, मिरचीसकट, चाटूनपुसून खाल्लं.

दर रविवारी दुपारी मावशींकडे दरबार भरतो. माझी मुलगी, तिच्या चार-पाच मैत्रिणी, नाहूरहून येणारा एक दाढीवाला इंजिनियर, आणि खाली चटईवर पसरलेला मावशींनी स्वतः काढलेला त्या राज्याचा नकाशा. एका नदीचं वळण चुकलं म्हणून तो त्यांनी तीनदा काढला. या दरबारात वर्णव्यवस्था कडक आहे. खंड वाचून आलेल्यांना वेलचीचा चहा, त्या खंडांवर निघालेले नुसते सिनेमे पाहून आलेल्यांना बिनवेलचीचा. दाढीवाल्याने एकदा धीर करून विचारलं, "आजी, मी दोन खंड वाचलेत ना, मग?" मावशींनी एक वेलची अर्धी सोलून त्याच्या कपात टाकली.

या नियमाला अपवाद एकच. कुर्ल्याच्या जुन्या गावठाणात राहणाऱ्या फिलोमिनाबाई. टेलिफोन खात्यात दोघी तीस वर्षं शेजारी शेजारी बसून ट्रंक कॉल जोडत असत. फिलोमिनाबाईंनी खंड उघडूनही पाहिलेला नाही. "एवढी बारीक अक्षरं कोण वाचतो गं? मला पडद्यावर दाखव, मी रडते," असं त्या सरळ सांगतात. रविवारी चर्च आटोपून त्या मुलुंडला येत, आणि वेलचीचा चहा पीत पुस्तकवाल्यांना खुशाल टोमणे मारत.

मग चौथा सिनेमा आला आणि सगळी वाट लागली.

मॉलमधल्या थिएटरात आम्ही दहा जण गेलो होतो. दारावर सुरक्षारक्षकाने मावशींच्या पिशवीत हात घातला तर नऊशे पानांचा चौथा खंड. "आजी, ये अंदर किसलिए?" मावशी म्हणाल्या, "सबूत है, बेटा." पहिला तासभर त्या खंडावर हात ठेवून न्यायाधीशासारख्या बसल्या होत्या. एकदोनदा "हे कुठल्या पानावर आहे, दाखव मला!" असं त्यांनी पडद्याला विचारलं, आणि मागच्या रांगेने त्यांना गप्प केलं. मग थोरलीचा राज्याभिषेक झाला, मध्यंतर झालं, पुढची लढाईसुद्धा झाली, आणि मावशी उभ्या राहिल्या. "धाकटी कुठे आहे?" त्या म्हणाल्या. धाकटी नव्हतीच. सिनेमावाल्यांनी तिला मुळातून काढून टाकली होती.

बाहेर आल्यावर मावशींचा आवाज सरकत्या जिन्यावरून तळमजल्यापर्यंत गेला. फिलोमिनाबाई हातातली मक्याच्या लाह्यांची पिशवी संपवत म्हणाल्या, "अगं, पण तिच्यावाचून गोष्टीचं काय अडलं? झकास चालली की!" मावशी जागच्या जागी थांबल्या. त्यांनी फिलोमिनाबाईंकडे पाहिलं, खंड छातीशी धरला आणि एकट्याच रिक्षात बसून निघून गेल्या.

अबोला चार महिने चालला. रविवारचा दरबार भरायचा, पण नकाशावर कोणाचं लक्ष नसायचं. मावशी सगळ्यांना सरसकट बिनवेलचीचा चहा द्यायला लागल्या, तेव्हा मुलगी मला म्हणाली, "बाबा, तू जा आणि समेट कर. तुला बोलायला आवडतं ना?" या वयात सिनेमावरून भांडणाऱ्या दोन बायका! मला तर ही मोहीम म्हणजे पर्वणीच वाटली. जिना चढतानाच मी तीन विनोद तयार ठेवले होते.

मावशी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. पहिला विनोद मी सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"जावई, ती बरोबरच बोलली," त्या म्हणाल्या. "काही अडत नाही. थोरली राज्य जिंकून येते, सगळे तिच्यावर फुलं उधळतात. पण तिला घराबाहेर पडता आलं कशामुळे? मागे धाकटी आजारी बापाला सांभाळत गडावर राहिली म्हणून. त्याला भरवायचं, कूस बदलायची, त्याच्या शिव्या खायच्या. नऊशे पानांत, मुकुटाच्या आधी, तिची अकरा पानं आहेत. अकराच. तीसुद्धा जड झाली त्यांना."

त्यांनी एक वाल सोलला, साल एका बाजूला टाकली. माझ्याजवळचे उरलेले दोन विनोद मी गिळले. माझ्या सासूबाई, म्हणजे मावशींची थोरली बहीण, लग्न होऊन सांगलीला गेल्या. गिरणीची नोकरी सुटून घरी बसलेले दोघींचे वडील पुढे नऊ वर्षं अंथरुणावर होते. आमच्याकडे कधी तो विषय निघाला की सगळे म्हणतात, "फार कठीण दिवस होते हो ते." ते दिवस कोणी काढले, हे मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी कुर्ल्याला गेलो. फिलोमिनाबाई ओट्यावर मासे साफ करत होत्या. मी त्यांना बाकी काही सांगितलं नाही. मावशींच्या वडिलांचा विषयही काढला नाही. फक्त त्या अकरा पानांत काय आहे, तेवढंच सांगितलं. सुरी थांबली.

"बापाला सांभाळते? त्या पुस्तकात?"

"हो."

"आणि तीच काढली मेल्यांनी?" त्यांनी ओल्या हाताने कपाळ पुसलं. "अरे, तिच्या बापासाठी मी किती ड्युट्या बदलून घेतल्यात तिच्याशी! सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्यात. आणि मीच तिला म्हटलं, काय अडलं?" मग एकदम माझ्यावर उखडल्या. "ती बाई चार महिने नुसती रुसून बसली. तोंडाने सांगायला काय झालं होतं? आणि तू रे जावई, आज उगवलास?"

पुढच्या रविवारी त्या आल्या. कोणाकडे न पाहता खुर्चीत बसल्या. मुलीने घाबरत घाबरत चौथा सिनेमा टीव्हीवर लावला, कारण तशी आज्ञा कुर्ल्याहून फोनवर आली होती. मावशी भिंतीकडे तोंड करून नकाशाच्या घड्या घालत होत्या. रणशिंगं वाजली, थोरली पायऱ्या चढून सिंहासनापाशी आली, गुडघ्यांवर बसली, आणि पुजाऱ्याने मुकुट उचलला. त्याच क्षणी फिलोमिनाबाईंनी रिमोट हिसकावून सिनेमा थांबवला.

"काय गं, थांबवलंस का?" मावशी म्हणाल्या. चार महिन्यांतले पहिले शब्द.

"मुकुटाआधी तिची पानं आहेत ना? वाच. मराठीत सांग, मला ते इंग्लिश कळत नाही."

मावशींनी हातातली नकाशाची घडी बाजूला ठेवली. मग फळीवरून चौथा खंड काढून चटईवर बसल्या आणि वाचायला लागल्या. एक वाक्य मनात इंग्रजीत, एक तोंडाने मराठीत. म्हातारा राजा पेज थुंकून टाकतो, धाकटी ती पुसते आणि पुन्हा चमचा भरते. खालून मिरवणुकीचे नगारे ऐकू येतात, म्हणून ती खिडकी उघडते, तर राजा म्हणतो, वारा लागतो, लाव. ती लावते. एका जागी मावशी अडल्या. फिलोमिनाबाई हळूच म्हणाल्या, "मी आहे, सांग," आणि मावशी पुढे सांगू लागल्या. बडबडा दाढीवालासुद्धा गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकत होता.

अकरा पानांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ पडद्यावरची थोरली राणी मान वाकवून बसली होती, पुजाऱ्याचे हात वर तसेच होते, आणि जरीचे कपडे घातलेला तो अख्खा दरबार श्वास रोखून उभा होता. धाकटीसाठी एवढी माणसं खोळंबलेली मी प्रथमच पाहत होतो.

मावशींनी खंड मिटला. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि टीव्हीकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या, "आता घालू दे तिला मुकुट."