बिनपाण्याची रेस

फटफटीची रेस मी तोवर कधी पाहिली नव्हती, आणि जी बघायला निघाले तिच्याविरुद्ध आठवडाभर आधीच पत्रक लिहून मोकळी झाले होते.

त्याचं असं झालं. लातूर उस्मानाबादेतून फुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणते, आमच्याच नांदेडात गॅरेज चालवायचा. एकदा आमच्याकडे जेवताना तो सहज बोलून गेला, की लातूरला नव्या जिल्ह्याची पहिली रेस आहे आणि धूळ बसावी म्हणून मैदानावर दोन टँकर पाणी मारणार आहेत. माझा हात ताटातच थांबला. आमच्या गल्लीत बायका पहाटेपासून टँकरची वाट बघत बसायच्या. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. ती वाचतच मी मोठी झाले होते, त्यामुळे लिहायला अर्धा तास पुरला. "माणसं तहानलेली आणि मातीला आंघोळ!" असं वर मोठ्या टाइपात घेतलं. लातूरच्या मित्रांनी ते बाजारात वाटलं.

दादाला मी यातलं काहीच सांगितलं नाही. उलट त्यानं "येतीस का बघाय?" म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. मातीवर पाणी ओतावंसं वाटावं असं त्या खेळात असतं तरी काय, हे मला बघायचं होतं.

दादा ज्या गाडीवर रेस खेळणार होता, तिच्यावरच आम्ही गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर. दोन्ही बाजूंना रिकामी काळी रानं, भेगा पडलेली. अहमदपूरपासून दुकानांच्या पाट्यांवर "जि. उस्मानाबाद" खोडून "जि. लातूर" केलेलं दिसायला लागलं. काही ठिकाणी रंग पातळ लागला होता आणि जुना जिल्हा खालून डोकावत होता.

"जिंकणाऱ्याला पुण्याच्या रेसला नेणार हायेत," दादा वाऱ्यात ओरडून सांगत होता. "गाडी बी देणार. खरी रेसची. नऊ वर्षं झाली मी दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून राहिलो, बाई."

शहराबाहेरच्या गायरानात चुन्यानं आखलेलं मैदान होतं. तिथं पोचल्यावर दादानं गाडीचं हेडलाइट, मडगार्ड, सायलेन्सर एकेक करून उतरवलं. स्क्रू मी ओढणीत धरले. आता उघडं पडलेलं ते यंत्र रोजच्या गाडीसारखं मुळीच वाटत नव्हतं. मी विचारत सुटले. सायलेन्सर का काढतात? मडगार्ड कशाला? तोही खुशीत सांगत होता. मग तो मैदान बघायला चालत गेला, बुटाच्या टाचेनं माती उकरली आणि परत आला तो हातात माझं पत्रक घेऊन.

"टँकर आलेच न्हाईत. ह्या कागदाला भिऊन मागं फिरवले म्हणं." त्यानं वाचून दाखवलं. "मातीला आंघोळ. हे तूच लिव्हलंस न्हाई?"

"हो."

"मला इचारलं असतंस तर."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"धुळीत दिसत न्हाई, एवढंच म्हणलो असतो."

तो गाडीकडे वळला. त्याचं काय म्हणणं होतं ते मला सराव फेरीत कळलं. सहा गाड्या एकदम सुटल्या आणि पहिल्या वळणावरच सगळं मैदान नाहीसं झालं. धुळीचा एक डोंगर तेवढा उभा, आणि त्याच्या पोटात सहा इंजिनं. लोक कानामागे हात धरून आवाजावरून ओळखायला बघत होते, "ती बघ निलंग्याची!" "कशाची निलंग्याची, खोकतीय ती!" मीही कान लावून दादाची गाडी शोधत होते आणि ती सापडत नव्हती. तेवढ्यात ढगातून एक गाडी सरळ बाभळीत घुसली. मी धावले. तो उदगीरचा एक जण निघाला. कोपर सोललं होतं, बाकी ठीक होता. पडला तो दादा नाही म्हणून मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

रेस भरवणारे शेठ आडत दुकानवाले होते, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. ते घामेघूम झाले होते. "बंद करतो बाबांनो. पहिल्याच रेसला कुणाचा जीव जायला नको."

तेव्हा देगलूरचा खेळाडू म्हणाला, "एकेक जाऊ. घड्याळ लावा. धूळ बसली की दुसरा."

बाकी सगळे हो म्हणाले. शेठ म्हणाले, सगळ्यांचं "हाव", म्हणजे होकार, असला तरच. मग सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादाची गाडी त्यांच्यात सर्वांत जुनी होती. तिचा वेग कमी. पण वळणावर दुसऱ्याच्या आतून निसटून पुढे जाण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. एकट्यानं धावायचं तर मागं टाकायला कुणी नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं उदगीरवाल्याच्या कोपराकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाव."

एका शाळेतले खेळाचे गुरुजी स्टॉपवॉच घेऊन बसले. माइकवाल्यानं "उस्मानाबाद जिल्ह्यातील" म्हणून सुरुवात केली आणि लोकांनी त्याला जागच्या जागी फैलावर घेतलं. एकेक गाडी सुटू लागली तशी मागून ओरड आली, "ही रेस हाय का मुलाखत?"

मला मात्र आत्ता कुठे काही दिसत होतं. माणूस गाडीसकट एवढा कलतो आणि पडत नाही, आतला पाय जमिनीवरून घासत नेतो, वळण संपायच्या आतच पुन्हा वेग धरतो. मी खुणा धरल्या. लिंबाजवळच्या वळणाला बाकीचे सगळे एका खुंटापाशी आल्यावर इंजिनाचा आवाज बंद करत होते, म्हणजे वेग सोडत होते. दादाचा आवाज त्याच्या बराच अलीकडे बंद झाला.

दादा दोन सेकंदांनी दुसरा आला. देगलूरवाला पहिला. शेठनी त्याला हार घातला आणि पुण्याचं जाहीर केलं. दादानं टाळ्या वाजवल्या, माझ्या ओढणीतून स्क्रू घेतले आणि गाडी पुन्हा जोडली.

परत निघालो आणि अहमदपूरला आलो. तिथं चहाला थांबलो तेव्हा मीच म्हणाले, "एक विचारू? लिंबाच्या वळणाला तू लवकर वेग का सोडतोस?"

"कोण म्हणलं?"

"मी बघितलं. बाकीचे खुंटापाशी. तू आधी."

बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून त्यानं टेबलावर वळण काढलं. "खुंट कुठं?" मी दाखवलं. "मी?" मी दाखवलं. त्यानं त्या ओल्या रेघेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"पुढचा बाहेर फाकतो ना, म्हणून मी आधी वेग सोडून आतून घुसतो. पुढं कुणीच न्हाई तरी सवयीनं सोडलं की गं!" मग बोट पुसत, "मंग मी पाण्यामुळं हरलो न्हाई."

तेवढ्यावर सुटणं मला बरं वाटलं नाही. "पाणी असतं तर सगळे एकदम धावले असते. तू आतून घुसला असतास आणि जिंकला असतास."

"तरी लिव्हलं असतंस?"

"लिहिलं असतं. पण आधी तुला सांगितलं असतं."

त्यानं चहा संपवला. "शेठ नेत न्हाईत तर न्हाई. आपल्या आपण पुण्याला नाव देता येतं का?"

"माहीत नाही."

"मंग कुणाला माहीत?"

दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या वाचनालयात गेले आणि पुण्याच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा मागून खेळाची पानं चाळायला बसले.