नऊ पंचांचे उपदेशकबुवा

आमच्या उपदेशकबुवांइतक्या चिकाटीनं अपयशी होत राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वीस वर्षांत त्यांनी पाच गावांत ख्रिस्ती मंडळी उभी केली आणि पाचही मोडल्या. एका गावची माणसं दुष्काळात सोलापूरच्या गिरण्यांत गेली ती परत आलीच नाहीत. दुसऱ्या गावात दोन भावांचं भांडण लागलं आणि निम्मी मंडळी एका भावामागं, निम्मी दुसऱ्यामागं जाऊन बुवा एकटे मधे उभे राहिले. तिसऱ्या गावाबद्दल ते स्वतःच सांगत, "तिथं म्या इतकं कळकळीनं समजावलं, की ऐकणाऱ्यांनी गावच सोडलं." सांगताना हसत. सहावं गाव आमचं, अणदूरपासून दोन कोसांवरचं. राज्य निजामाचं होतं. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांना उर्दूतून हिशेब शिकवायला मला सरकारनं तिथं धाडलं होतं. गावाच्या कडेला दोन खोल्या रिकाम्या होत्या. एकीत मी, मुसलमान मास्तर. दुसरीत बुवा आणि त्यांचं कुटुंब. मधे कुडाची भिंत. आठ वर्षं त्यांची प्रार्थना मी ऐकली आणि माझी नमाज त्यांनी.

बुवांचा गळा हा एक स्वतंत्र विषय होता. भजन सुरू झालं की बिनतेलाच्या मोटेचं चाक फिरतंय असं वाटे, आणि ते मात्र डोळे मिटून, मान डोलवत, शेवटचं कडवं दोनदा म्हणत. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणत, टाळ जरा जोरात वाजवून नवऱ्याची लाज राखत. मंडळीतली माणसं मांगवाड्यातली, त्यांना सूर चांगला कळे. हलगी आणि सनई त्यांच्या पिढ्यांपिढ्यांच्या हातातली. तरी बुवांना दुखवायचं नाही म्हणून तेही तसंच बेसूर म्हणू लागले.

दुसरी खोड याहून मोठी. जो कोणी बाप्तिस्मा घेई त्याला बुवा महिन्याभरात मंडळीचा कारभार बघणारा पंच करून टाकत. मंडळी अकरा माणसांची आणि त्यांत नऊ पंच. उरलेले दोघं म्हणजे एक तान्हं मूल आणि एक ठार बहिरा म्हातारा. त्या म्हाताऱ्यालाही पंच करायचं बुवांच्या मनात होतं. मिशनचे साहेब सोलापुराहून पाहणीला आले तेव्हा या प्रकारावर चांगलेच वैतागले. बुवा शांतपणे म्हणाले, "साहेब, म्या आज हाय, उद्या न्हाय. ह्यांनी माझी वाट बघत बसू न्हाय." कोणी काही विचारायला आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पंच तुम्ही. तुम्ही ठरवा." मग लोक ठरवत आणि बुवांना ते मुळीच पटत नसे, तेव्हा डोक्याच्या पटक्याचा लोंबता शेव दातांत धरून ते अंगणात येरझाऱ्या घालत.

मला मात्र आठ वर्षांत त्यांनी एकदाही ख्रिस्ती व्हा म्हटलं नाही. याचा मला थोडा रागच आला होता. एकदा विचारलं तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही पाच वेळा न चुकता गुडघे टेकता. माझे पंच एकदा टेकाया तयार न्हाईत. आधी त्यांचं बघू द्या."

मग एका उन्हाळ्यात पटकी आली. पहिल्यांदा तेल्याच्या घरात दोघं गेले, मग वेशीजवळ, मग रोज. मी शाळा बंद केली. तालुक्याहून विहिरीत टाकायची लाल दवा यायची होती, ती आलीच नाही. आईसाहेबांनी अंगणात मोठा हंडा चुलीवर चढवला आणि येईल त्याला उकळलेलं पाणी द्यायला लागल्या. पटकी जावी म्हणून गावानं मरीआईचा गाडा शिवेबाहेर न्यायचं ठरवलं. गाड्यापुढं हलगी हवी, आणि हलगी वाजवायचा मान मांगवाड्याचा. वाजवणारी घरं सगळी मंडळीत आली होती आणि दोन वर्षांपासून त्यांनी ती वाजवणं सोडलं होतं.

पाटील स्वतः आले. मोठा करारी माणूस, पण त्या दुपारी ते न सांगताच अंगणात खाली बसले. त्यांचा नातू सकाळपासून आजारी होता. ते म्हणाले, "बुवा, तुमचा देव तुमच्यापाशी. मी त्याच्या आड येत न्हाय. पर आज हलगी वाजली पायजे. न्हायतर गाव म्हणंल, ह्यांच्यामुळंच कोप झाला. मग मला कुणाला आवरता येणार न्हाय."

बुवांनी पंचांना बोलावलं. सगळे आमच्याच अंगणात बसले, मीही दारात उभा होतो. पांडू म्हणून एक तरुण पंच होता, तो म्हणाला, "आजच्या दिस वाजवू. लेकरू मरायला लागलंय. देव समजून घेईल." दुसरा म्हणाला, आज वाजवली तर कायमची वाजवावी लागेल. सगळ्यांनी बुवांकडं पाहिलं. बुवांच्या दातांत पटक्याचा शेव होता. त्यांना 'नको' म्हणायचं होतं हे माझ्यासारख्या परक्यालाही दिसत होतं. पण शेव त्यांनी दातांतून सोडला नाही. शेवटी सोनाबाई बोलली. ही पन्नाशीची विधवा, नऊ पंचांतली एकुलती एक बाई. ती पाटलांकडं न बघता, जमिनीकडं बघत म्हणाली, "हलगी आमी वाजवणार न्हाय. पर ज्याच्या घरातलं मयत उचलाया कुनी येत न्हाय, तितं आमी येऊ. कुनाच्याबी घरी."

पाटील उठून गेले. त्या संध्याकाळी गाडा बिनहलगीचा गेला. नातू दुसऱ्या दिवशी वारला.

मग मंडळीवर बहिष्कार पडला. त्यांना शेतात काम नाही, धान्य नाही, रस्त्यानं चालायचं नाही. विहीर बंद करायचंही ठरलं होतं, पण ती त्यांना कधी उघडीच नव्हती, त्यामुळं ती शिक्षा तेवढी राहून गेली. ते ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी भरत आणि आईसाहेबांच्या हंड्यात ओतत. पण माणसं मरतच होती आणि धडधाकट माणसं रानात पळाली होती. चौथ्या दिवशी पाटलांची म्हातारी आई गेली. घरात तिला उचलायला पाटील एकटेच उरले. ते मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "चला." ती विनंती होती की हुकूम, ते मला अजून कळलेलं नाही. सोनाबाई आणि पांडू उठले. त्या दिवसापासून त्यांनी किती मयतं उचलली ते मी मोजलं नाही. मुसलमान घरांतली दोन होती, तिथं मी त्यांच्याबरोबर होतो.

एक दिवस आईसाहेब सकाळी हंड्याला जाळ घालताना खाली बसल्या त्या उठल्या नाहीत. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. ओढ्याकाठी खड्डा बुवांनी स्वतः खणला, कोणाला हात लावू दिला नाही. पण प्रार्थनेचं पुस्तक उघडल्यावर त्यांना एक अक्षर दिसेना. पांडूनं ते त्यांच्या हातातून घेतलं. बुवांनीच त्याला वाचायला शिकवलं होतं, पण तो जोडाक्षरांपर्यंत पोचला नव्हता. जोडाक्षर आलं की तो ते सोडून पुढं जाई. अशी ती प्रार्थना अर्धीमुर्धी झाली. एरवी एका काना-मात्रेसाठी माणसाला दहादा परत वाचायला लावणारे बुवा खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी "आमेन" मात्र ते सगळ्यांच्या आधी म्हणाले.

पावसाळ्यानंतर साहेब आले. अकरांपैकी चार गेले होते. ते तान्हं मूलही. दोन घरं घाबरून जुन्या वाटेला लागली होती. साहेबांनी मंडळी बंद झाल्याचं लिहून घेतलं आणि बुवांची बदली केली. बुवा म्हणाले, "माझी बदली करा, साहेब. मंडळी बंद करणं माझ्या हातात न्हाय." थंडीत एका बैलगाडीत दोन ट्रंका, टाळ आणि तो हंडा घालून ते गेले. सोनाबाई गाडीमागं शिवेपर्यंत चालत गेली. तिला ते काय म्हणाले ते मला माहीत नाही.

नंतर निजाम गेला, माझी नोकरी गेली, माझ्या घरातली माणसंही कमी झाली. ते सांगायची ही जागा नव्हे. चाकरीच्या एका दाखल्यासाठी मी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा रविवार होता. मांगवाड्यात सोनाबाई भेटली नाही. ती आणि पांडू नदीपलीकडच्या गावात, तिच्या बहिणीकडं गेले होते. दर रविवारी जातात, असं कळलं. तिथं प्रार्थनेला वीसएक माणसं जमत होती.

ही बातमी मी बुवांना सांगायला सोलापुरात गेलो. मिशनच्या आवारात एका खोलीत ते राहत होते, नजर अधू झालेली. मी एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, आता हा माणूस आनंदानं गाऊ लागेल. पण ते हळूच म्हणाले, "मला इचारलं न्हाय त्यांनी."

लगेच त्यांनी मान हलवली.

"न्हाय, बराबर हाय," ते म्हणाले. "इचारायचं कशाला? पर त्या नदीला उतार कुठं हाय, ते तरी इचारायचं व्हतं. त्या गावात म्या दोनदा गेलोय. दोन्ही बारीला हाकललं मला, पर वाट ठाव हाय."

आणि मग ते मला उतार समजावून सांगू लागले. घाटावरून सरळ उतरायचं नाही, तिथं गाळ आहे. वरच्या अंगाला मोठा खडक लागतो, त्याच्या उजवीकडून जायचं, पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. पावसाळ्यात तेही नको, मग वळसा घालून जायचं. मधेच थांबून त्यांनी विचारलं, लक्षात राहील ना. मी व्हय म्हणालो, आणि उद्याच जाऊन सोनाबाईला सांगणार असल्यासारखा पुढं ऐकत बसलो.