युरियाची एक ओळ

रोपवाटिकेत आम्ही त्याला उपट्या म्हणायचो. पेरलेलं उगवलं की त्याला चैन पडत नसे. रोप उपटून मुळं बघायचा, परत खोचायचा. अर्धी मरायची. कामाला मात्र वाघ. माझे दोन वाफे खोदून होईपर्यंत त्याचे तीन व्हायचे, तेही भुसभुशीत.

वाटाण्याला युरिया नको, असं त्याने साहेबांना सांगितलं. युरियात असतं ते नत्र हवेत भरपूर, पण झाडाला ते तसं घेता येत नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते पचवून झाडाला देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं.

साहेब म्हणाले, "एक वाफा तुझा. फुलोऱ्याला पानं पिवळी दिसली, किंवा युरियाचा दाणा टाकलास, तर तू पॅकिंगला."

पॅकिंग म्हणजे दिवसभर स्टुलावर बसून बियांची पाकिटं भरणं. उपट्याला तुरुंगच.

तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळट झाली. हा दिवसातून चारदा वाफ्यावर. रोज एक रोप उपटून गाठ नखाने फोडायचा. आत पांढरी.

"गुलाबी झाली की कामाला लागली समज."

"उपटलेली कधी लागणार कामाला?"

"तू गप खोद."

त्याची बायको डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "भाऊजी, घरातली एक कुंडी सोडली नाही ह्यांनी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने काठच्या ओळीला युरिया टाकला. मी पाहिलं.

फुलोऱ्यात साहेब आले. मधल्या ओळी आता हिरव्या होत्या, पण काठची गर्द. साहेब तिथेच थांबले. "जिंकलास. पुढच्या वेळी सगळा वाफा असा हवा."

उपट्या एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर. मग वाकला आणि त्या ओळीतलं रोप उपटलं. गाठी नावाला.

"हिला युरिया घातला, साहेब. आयतं मिळालं, हिने गाठी पोसल्याच नाहीत."

मधल्या ओळीतलं उपटलं. मुळांना गाठीच गाठी. एक फोडली. आत गुलाबी.

साहेबांनी दोन्ही मुळं हातात घेऊन पाहिली. "वाटाण्याचा युरिया बंद. तू सोमवारपासून पॅकिंगला."

"बरं."

स्टुलावर तो कधी बसला नाही. निवृत्त होईपर्यंत उभ्यानेच पाकिटं भरली. जेवणाच्या सुट्टीत वाफ्यावर यायचा. मी दरवर्षी काठाला वाटाण्याची एक ओळ जास्त पेरायचो, त्याला उपटायला.