मुदतवाढ

बेकरीतले सगळे त्यांना मामा म्हणत. पावाची गाडी चालवण्यात मामांची उभी हयात गेली होती आणि ते घाबरत एकाच गोष्टीला: लायसनच्या नूतनीकरणाला. वय झाल्यापासून दर खेपेला डॉक्टरचा दाखला लागायचा. डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा, बॅटरी मारून डोळ्यांत बघायचा आणि तेवढा वेळ मामांचा जीव टांगणीला लागायचा. "आमचं पोट डोळ्यांवर चालतं," ते मामींना म्हणायचे.

यंदा तारीख जवळ आली आणि नेमकी साथ आली. कार्यालयाला कुलूप लागलं. मग बातम्यांत सांगितलं, मुदत संपलेली लायसनंही चालू धरली जातील, कुणी यायची गरज नाही.

"सुटलो बुवा!" मामा म्हणाले.

"डोळे तरी तपासून घ्या कुठंतरी," मामी म्हणाल्या.

"लोकांना श्वास घ्यायला जागा मिळेना आणि मी धडधाकट डोळे दाखवत फिरू?"

मामींनी विषय सोडला. बोलणं तसं खोटं नव्हतं.

मुदत वाढली, पुन्हा वाढली. ओस रस्त्यांवरून मामा तोंडाला मास्क बांधून पाव पोचवत राहिले. एकदा फाटकातून निघताना गाडीची डावी बाजू खांबाला घासली. "मामा, रिकाम्या रस्त्यावर गाडी ठोकायलाही कसब लागतं हो!" मालक म्हणाले. सगळे हसले, मामाही हसले. घरी त्यांचा खांदा चौकटीला आपटायचा, बाजूला ठेवलेला कप हाताच्या धक्क्यानं लवंडायचा. "लक्ष कुठे असतं तुमचं?" मामी करवादायच्या. मामांनाही वाटायचं, लक्षच नाही. त्या दिवसांत कुणाचं चित्त थाऱ्यावर होतं?

मग एका सकाळी वळणावर गाडीला काहीतरी धडकलं. मामा धावत उतरले. सायकल आडवी पडली होती आणि ड्यूटी संपवून घरी निघालेली एक नर्स मनगट धरून बसली होती.

"एवढी समोरून येत होते मी! बघत नव्हतात?"

"आईशप्पथ ताई, तुम्ही दिसलाच नाहीत."

ती त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग चांगला हात वर करून म्हणाली, "माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसतंय?"

"कुठलं बोट?"

तिचं बोट त्यांच्या कानाजवळ हलत होतं. ती ते आणखी पुढे, आणखी पुढे आणत गेली. जवळजवळ नाकासमोर आल्यावर ते मामांना दिसलं.

तिचं मनगट मोडलं होतं. वॉर्डात आधीच माणसं कमी, त्यात ती महिनाभर घरी बसली. तिनं तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं मामांना वाटायचं.

धडक झाली त्याच दिवशी त्यांनी गाडीची किल्ली मालकांच्या हातात दिली. दवाखान्यातला डोळ्यांचा वॉर्ड मात्र तापाच्या रुग्णांना दिलेला. तो उघडेपर्यंत थंडी येऊन गेली.

"काचबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर खात जातो. मागच्या वर्षी कुणी डोळ्यांत नुसतं डोकावलं असतं, तरी लक्षात आलं असतं."

"आता काय करायचं?"

"गेलेली परत येत नाही. उरलेली टिकते का बघू."

कार्यालय अर्धंमुर्धं उघडल्यावर मामा लायसन घेऊन तिथं गेले. काचेआडच्या कारकुनाला म्हणाले, "हे रद्द करा."

त्यानं तारीख पाहिली. "काका, मुदतवाढ आहे की! अजून चालतंय तुमचं."

"मला दिसत नाही, साहेब."

"मग चालवू नका. रद्द करायची खिडकी अजून सुरू नाही झाली."

मागच्या माणसानं घसा खाकरला. मामा बाजूला झाले, ते नेमके दुसऱ्याच कुणाच्या पायावर. शिव्या खाऊन बाहेर पडले.

मालकांनी त्यांना पाव बांधायच्या टेबलाशी बसवलं. सवयीची माणसं भराभर बांधत. मामांच्या हातून पाव खाली पडत, आणि पडलेलं उचलायला वाकलं की शेजारच्याला धक्का बसे. कुणी काही बोललं नाही. तेच सोसेना म्हणून मामांनी जाणं सोडलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी थेंब बदलून दिले. त्याच्या पुढच्या तपासणीत पुन्हा बदलले. मामी बाजारात आता एकट्याच जातात. मामा एकटे बाहेर पडून कुठे धडकू नयेत म्हणून जाताना बाहेरून कडी लावतात, आणि मामा तीही लावू देतात.